उलट्या पिळाचं घर

धाकटीचं वय चौपन्न होतं. केस निम्मे पांढरे झाले होते, वरचे दोन दात पडले होते, पोटची मुलगी लग्न होऊन शहरात शिवणकाम करत होती, तरी घरात आणि घराबाहेर तिला सगळे धाकटीच म्हणत. दुसरं काय म्हणणार? तिची आई पंचाहत्तरीत ताठ चालत होती आणि आईची आई शहाण्णवाव्या वर्षी रोज सकाळी दोर वळायच्या चाकावर बसत होती. वरच्या दोघी जागा सोडेनात, मग खालचीला बढती मिळणार कुठून? त्या घरात पुरुष आले आणि गेले, कुणी पन्नाशीत, कुणी साठीत. बायका मात्र जायचं नावच काढत नसत. थोरलीची आई एकशे एक वर्षांची होऊन गेली आणि गेली त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत दोरासाठी अंबाडीचा वाख विंचरत होती. थोरली, मधली, धाकटी अशीच तिघींची नावं पडून गेली होती. खरी नावं कागदांवर उरली होती आणि कागद कुठं ठेवलेत ते तिघींपैकी कुणालाच आठवत नव्हतं.

घराच्या मागं सरळ शंभर पावलांची पट्टी होती. तिला दोरवाट म्हणत. तिच्या एका टोकाला छपराखाली चाक. चाक फिरलं की त्याच्या पट्ट्यानं समोरचे लोखंडी आकडे गरगरायचे. वाखाचा भारा कमरेला गुंडाळायचा, त्यातली चिमूट आकड्यात अडकवायची आणि चाकाकडे तोंड करून मागं मागं चालत बोटांतून वाख सोडत राहायचं. आकडा पीळ घालतो, बाई मागं सरकते, मध्ये सुतळी वाढते. अशा सुतळ्यांचा एक पेड, तीन पेडांचा एक दोर. धाकटी सहा वर्षांची असल्यापासून अशी उलटी चालत आली होती. सरळ चालताना ती ठेचकाळायची, पण दोरवाटेवर मागं न बघता चालताना कधी अडखळली नाही.

तिच्या लहानपणी त्या वाटेवर एका वेळी आठ आठ बायका मागं चालायच्या. आठ सुतळ्या हवेत थरथरायच्या आणि त्यांच्यावरून गप्पा चालायच्या, कुणाच्या सुनेच्या, कुणाच्या म्हशीच्या. मागच्या टोकाला गेलेल्या बाईला पुढचं ऐकू यायचं नाही, मग ती ओरडून विचारायची आणि सगळ्या हसायच्या. थोरली चाकावरून सगळ्यांना दम द्यायची की हसा, पण बोटं सैल सोडू नका. कुजवलेल्या वाखाला वास मारायचा. पाहुणे नाक धरायचे. धाकटीला मात्र तो वास आईचा वाटायचा, कारण आईच्या अंगाला तोच यायचा. शहरात मुलीकडे गेली की चार दिवसांत तिला त्या वासाची आठवण येऊन कसंनुसं व्हायचं आणि मुलगी म्हणायची, आई, तुझं काही खरं नाही.

आणि त्या घराचा दोर उलटा होता. जगात सगळे दोर उजवीकडे वळतात, यांचा डावीकडे वळे. थोरली डावखुरी. ती डाव्या हातानं चाक फिरवी, ते आपोआप उलटं फिरे. तिच्या हाताखाली मधली आणि धाकटीही उलट्याच पिळाला वाख सोडायला शिकल्या. उलट्या पिळाचा दोर पाण्यात जास्त टिकतो, अशी त्याची ख्याती. गावातल्या आणखी दोन घरांनी नक्कल करून बघितली होती. बाजारात मधली दोर मांडून बसे तेव्हा तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, की आमच्या दोराला शिक्का लागत नाही, पीळ बघा आणि घ्या.

मग नायलॉन आला. गुरांचे दोर गेले, विहिरीचे गेले, खाटांचे गेले. आठ बायकांच्या तीन झाल्या. शेवटी एकच काम उरलं, ते होडीच्या दोराचं. दोन वर्षांपूर्वी पूल खचला होता, तेव्हापासून लोक होडीनं पलीकडे जात. या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला आणि तो हातांनी ओढत होडी न्यायची. तिथं नायलॉन चालत नव्हता, ओल्या हातातून सुळकन निसटायचा. तेवढ्यावर तिघींचं बरं चाललं होतं.

उन्हाळा संपत आला असताना नावाडी आला. येताना दोराचं एक टोक खांद्यावर टाकून आला आणि ते त्यानं मधलीच्या पुढ्यात ठेवलं. टोक उलगडून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं पिंजारलं होतं. अर्धा दोर यांचा, अर्धा खालच्या गावच्या दोरवाल्यांचा, असा त्यानं जोडून बांधला होता. भर पाण्यात सांधा सुटला. बारा माणसं आणि दोन शेळ्या प्रवाहात अडकल्या, बुडता बुडता वाचल्या. त्यांचा पीळ उजवा, तुमचा डावा, त्यानं सांगितलं. ताण आला की दोन्ही एकमेकांना उलगडतात.

मधलीनं ते टोक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. ज्या बाईनं आयुष्यभर बाजारात पीळ मिरवला, तिला पोराच्या वयाच्या त्या माणसासमोर मान वर करता येईना.

"मावशी, तुमच्या हातात खोट नाही," नावाडी म्हणाला. "पण मला सुलटा पीळ लागेल. आठ दिवसांत पन्नास हात वळून दाखवा. नाहीतर सगळा दोर खालच्यांकडून घेतो. पाणी चढायच्या आत मला दोर बांधायचाय."

त्या पन्नास हातांवर काय काय टांगलेलं होतं ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. शहरातल्या तिच्या भावानं फोनवर सगळं ठरवून टाकलं होतं. होडीचं काम गेलं तर तिथं बसून काय करणार? आईनं त्याच्याकडे यायचं, धाकटीनं तिच्या मुलीकडे जायचं. आणि आजीसाठी त्यानं एक जागा बघून ठेवली होती. स्वच्छ खाटा आहेत, नर्स आहे, टीव्ही आहे. हे शेवटचं त्यानं इतक्या हळू आवाजात सांगितलं की धाकटीला ते पुन्हा विचारावं लागलं. महिनाअखेरीला तो गाडी घेऊन येणार होता. ज्या तिघी एका छपराखाली एकमेकींना रागावत, भरवत, एकमेकींच्या उशा पळवत जगल्या, त्यांची तीन ठिकाणी वाटणी होणार होती. थोरलीला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

तसं बघितलं तर काम सोपं होतं. चाक दुसरीकडून फिरवायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं तेच सांगितलं, तर थोरली चाकावरून हलली नाही.

"आपल्याकडे सुलटा वळत नाहीत," ती म्हणाली.

धाकटीनं समजावलं, चिडली, पुन्हा समजावलं. आईची साथ मिळेल असं तिला वाटलं होतं, तर मधली उलट तिच्यावरच उसळली. नाही म्हणाली ना ती, विषय संपला, असं म्हणून वाखाचा भारा उचलून निघून गेली. पोटापाण्याचा प्रश्न समोर उभा आणि या दोघी पिळाचा मान घेऊन बसल्यात, असं मनात म्हणत धाकटीनं स्वतःच चाक धरलं आणि आईला बळेच मागं चालायला लावलं.

ते काही जमेना. सुतळी आली ती उंदीर गिळलेल्या सापासारखी, इथं जाड, तिथं बारीक. सत्तर वर्षं एकाच बाजूला वळलेली मधलीची बोटं ऐकेनात. आणि सुतळी कशीबशी जमली असती तरी जाड पेडाचा ताण कमरेवर घेऊन मागं चालणं पंचाहत्तरीच्या बाईचं काम नव्हे. चालायला धाकटीच हवी होती. मग चाकावर कोण? मधली चाकाला हात लावत नसे. चक्कर येते, म्हणे. घरात ते सगळ्यांनी कधीचं मान्य करून टाकलं होतं, जशी एखाद्याला वांगी चालत नाहीत. पण हीच मधली गेल्या उन्हाळ्यापर्यंत विहिरीवरचा रहाट एकटीनं फिरवत होती. त्यानं चक्कर येत नव्हती.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मधली डबक्यातल्या भिजत घातलेल्या पेंढ्या पालटायला गेली होती. धाकटीचा धीर सुटला. ती आजीच्या मागं जाऊन उभी राहिली, तिचा उजवा हात उचलून चाकाच्या मुठीवर ठेवला आणि लहान मुलाचा हात धरून गिरवायला शिकवावं तसा कोपराला धरून फिरवायला लागली.

कोपर वाकलं नाही. बाहीच्या आत तिच्या हाताला एक टेंगूळ लागलं, आणि त्याच्या खाली हाड भलतीकडेच वळलेलं होतं. चौपन्न वर्षांत तिनं आजीचा तो हात उघडा बघितला नव्हता. आजी ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालायची आणि अंघोळीला कुणाला आत येऊ द्यायची नाही. म्हातारीचा हट्ट म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"आजी, हे काय आहे?"

थोरलीनं आधी डबक्याच्या वाटेकडे बघितलं. मग बाही नीट केली.

"दार लोट," ती म्हणाली. छपराला दारच नव्हतं. धाकटी नुसतीच जवळ बसली.

मधली पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. थोरली आकड्यात गुंतलेला वाख उजव्या हातानं सोडवत होती. वाखाचा वेढा मनगटाला बसला होता. पोरीला चाकाचं फार वेड. ती कुठून तरी धावत आली, मुठीला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि सगळं अंग टाकून चाक फिरवलं. आकडे गरगर फिरले, वाख आवळला, हात त्याच्याबरोबर गेला. हाडं बसवणाऱ्यानं बांधला, पण तो वाकडाच जुळला. तोवर थोरली डावखुरी वगैरे काही नव्हती. चारचौघींसारखी उजव्या हाताची होती.

"पोर तीन दिवस थरथरत होती. जेवेना, बोलेना," थोरली म्हणाली. "माझी आई म्हणाली, हाड जुळेल, पण हे तिच्या मनात राहिलं तर पोर जुळायची नाही. तिला सांग, चाकानं नाही, मी अंगणात घसरून पडले. दिवसातून दहा वेळा सांगितलं. मग तिला पटलं."

आणि मग सगळं घर त्या एका खोट्याभोवती वळत गेलं. थोरली डाव्या हातानं चाक फिरवायला लागली, ते उलटं फिरलं. डाव्या हातानं का, असं पोर विचारेल म्हणून ती जन्माची डावखुरी झाली. दोर उलटा का, असं गाव विचारील म्हणून तिच्या आईनं ठोकून दिलं, की उलटा पीळ पाण्यात टिकतो. तिनं स्वतः वयाच्या पन्नाशीत, सगळा जन्म उजवा वळलेल्या बोटांना उलटा वाख सोडायला शिकवलं आणि कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. थाप मारायची तर ती अंगावर घेऊन, असा त्या बाईचा खाक्या होता.

"डाव्या हातानं सुलटं फिरवायला मला जमायचं नाही, आणि मी चाक सोडलं तर तिला बसावं लागेल. बसली की तिला आठवेल," थोरली म्हणाली. "तिला यातलं काही ठाऊक नाही. माझ्यामागंही सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

धाकटीनं मान हलवली. आजीचा तो वाकडा हात तिनं दोन्ही हातांत धरला. लहानपणी हा हात कधी तिच्या केसांतून फिरला नाही, नेहमी डावाच फिरला, आणि तिला ते कधी खटकलंही नव्हतं.

दुपार कलल्यावर ती डबक्यावर गेली. मधली गुडघाभर पाण्यात उभी राहून वाख दगडावर आपटत होती. शपथ मोडायची नव्हती, म्हणून धाकटी इतकंच म्हणाली, की आई, चालायचं काम मी करते, आजीला आकड्यांपाशी बसवू, तू चार दिवस चाकावर बस. नाहीतर दादा गाडी घेऊन येईल आणि आजीला त्या खाटांवर नेऊन ठेवील.

मधली आपटतच राहिली. मग थांबली.

"मी त्या चाकाला एकदा हात लावलाय," ती म्हणाली.

धाकटी पाण्याच्या कडेपर्यंत पुढं आली. "तुला आठवतंय?"

"सगळं. आवाजसुद्धा."

ती पाण्यातून बाहेर येऊन दगडावर बसली. पाच-सात वर्षं तिला ते स्वप्न वाटायचं. आई म्हणते घसरून पडली, तर पडलीच असेल. मग अकरा-बारा वर्षांची असताना तिनं एकदा फटीतून आईला कपडे बदलताना बघितलं. तेव्हा सगळं एकदम ध्यानात आलं. स्वप्न कुठलं आणि काय. हेही आलं, की आई आपल्यासाठी डावखुरी झालीय, आईची आईही आपल्यासाठी उलटी वळतेय.

"मग मी काय करायचं होतं? पाया पडले असते तर तिची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असती. म्हणून मी उलट्या पिळाचा डंका पिटला. बाजारात माझ्याइतकं कुणी ओरडत नव्हतं ना?" मधली ओल्या हातांनीच डोळे पुसत होती, त्यामुळे ते जास्तच ओले होत होते. "तिला कळू द्यायचं नाही हं. मला वाचवलं, असं तिला वाटतं. तेवढं तिच्यापाशी राहू दे."

आणि तिनंही शपथ घातली.

धाकटी तिथून उठली ती सरळ दोरवाटेवर गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीच चालत राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. या दोघींच्या लपंडावात आपण जन्मभर उलट्या पिळाला वाख सोडला, बाजारात भांडलो, खालच्या गावच्या दोरवाल्यांना नावं ठेवली. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत एकाच ताटात जेवल्या, आजारपणात एकमेकींच्या उशाशी बसल्या. किती तरी दुपारी कामं आवरून त्या दोघी छपरात शेजारी शेजारी गप्प बसलेल्या असायच्या. धाकटीला लहानपणी वाटायचं, यांचं बोलून संपलंय. आता कळत होतं की बोलायला सुरुवातच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं चहा केला, दोघींना दिला आणि कमरेला वाख गुंडाळला. त्या घरात तिनं आजवर कुणाला हुकूम सोडला नव्हता. तिची पाळीच आली नव्हती.

"आज मी चालणार आहे. सुलटा पीळ घालायचा आहे," ती म्हणाली. "चाकावर कोण आणि आकड्यांपाशी कोण, ते तुम्ही दोघींनी ठरवा. मी मध्ये पडणार नाही. मला दोघींनी शपथा घातल्यात."

एवढं बोलून ती चाकासमोर जाऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. थोरलीचा पेला तिच्या हातात तसाच राहिला होता. शेजारची कोंबडी छपरात येऊन चाकाखाली दोनदा टोचून गेली, तरी तिला कुणी हाकललं नाही.

पन्नास हात दोर वेळेत झाला. नावाड्यानं तो भिजवला, ताणला, दोन माणसं लोंबकळून बघितली आणि घेतला. महिनाअखेरीला भाऊ गाडी घेऊन आला, दोन दिवस राहिला, आजीची बोलणी खाल्ली आणि एकटाच परत गेला. पण ते नंतरचं. त्या सकाळी धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त उभी होती आणि आपण केलं ते बरं केलं की वाईट, याचा विचार करत होती.

थोरली उठली. हातानं भिंत धरून चार पावलं चालली आणि आकड्यांपाशी ठेवलेल्या बुटक्या पाटावर जाऊन बसली. चाकाजवळची जागा मोकळी झाली. मधली कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग येऊन बसली. तिनं मूठ फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली आणि धरली. धाकटीनं वाखाची चिमूट आकड्यात अडकवली. ती नीट बसावी म्हणून थोरलीनं आकड्यापाशी बोटं धरली. सवयीनं तिनं डावा हात पुढं केला होता. तो तिनं मागं घेतला आणि बाही सारून उजवा धरला.

चाक फिरेना. मधलीचे दोन्ही हात मुठीवर होते आणि नजर त्या वाकड्या हातावर.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा फार दुखलं होतं का गं?"

थोरलीनं वर बघितलं नाही. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर काय काय येऊन गेलं. सत्तर वर्षांचं खोटं हातातून सुटल्यावर माणसानं काय करावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"दुखलं," ती म्हणाली. "पण तू इतकी घाबरलेली, की तुला जवळ घेण्यात माझं रडायचंच राहून गेलं."

मधलीनं मूठ सोडली. थोरलीनं मान हलवली आणि पुन्हा ती धरायला लावली.

"आता फिरव. उजवीकडे. पोरगी कधीची उभी आहे."

चाक फिरलं, आधी अडखळत, मग जरा सरळ. धाकटीच्या बोटांत पीळ दुसऱ्या अंगानं आला आणि तिची बोटं क्षणभर गोंधळली. सुतळीला एक गाठ पडली, थोड्या अंतरावर आणखी एक. मग गाठी विरळ झाल्या. ती मागं सरकू लागली. दहा पावलं, वीस पावलं. छपरातल्या दोघी लहान लहान होत गेल्या. चाळिसाव्या पावलाला तिला दिसलं, की थोरलीचे खांदे हलताहेत. शहाण्णव वर्षांची आजी आकड्यापाशी हात तसाच धरून रडत होती आणि मधली तिच्याकडे बघत चाक फिरवत होती. धाकटीला पळत जाऊन दोघींना मिठी मारावीशी वाटली. पण ती थांबली असती तर सुतळी तुटली असती, म्हणून ती मागं चालत राहिली.